'वान' नाही, 'वान'

नॉयफेल्ड, मॅनिटोबा
९ जानेवारी १९८४

हेस्टर आत्या,

पत्र टाळत होतो, हे आधीच सांगून टाकतो. रोज ठरवायचो आज लिहायचं, आणि रोज काहीतरी निघायचं. कधी बूट ओले, कधी पेन गोठलेलं (खरंच गोठतं इथे), कधी नुसताच खिडकीशी उभा. सप्टेंबरात निघालो तेव्हा ठरवलं होतं, व्हँकूव्हरला पोचायचं, समुद्राचं चित्र असलेलं कार्ड घ्यायचं आणि तुला पाठवायचं. समुद्रही राहिला आणि कार्डही. मग आईकडून कळलं की तू जिन्यावरून पडलीस, खुब्याचं हाड मोडलं, आणि आता कुठल्याशा वृद्धांच्या घरात आहेस. त्यावर काय लिहावं सुचेना, म्हणून आणखी एक महिना गेला.

तर मी अडकलोय. गाडीचा गिअरबॉक्स ऑक्टोबरात या गावाच्या तोंडाशीच गेला. आता ती फक्त मागे जाते. गॅरेजवाला फ्रीसन म्हणतो, सुटा भाग मागवलाय, येईल तेव्हा येईल. मी म्हटलं, तोवर मागे मागे चालवत हॅलिफॅक्स गाठतो. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, मान दुखेल.

गाव सपाट आहे. कुठेही उभं राहा, पुढच्या गावाचा धान्याचा उंच कोठा दिसतो. त्याच्या पुढच्याचाही दिसतो. पाय मात्र दारापासून फाट्यापर्यंतच जातात, पुढे वारा नाक कापतो. काल एक माणूस शिडीवर चढून गोठ्याला रंग देत होता, उणे पंचवीसमध्ये. का, ते विचारायला गेलो आणि तासभर शिडी धरून उभा राहिलो. असो.

लायब्ररीवाल्या मिसेस टेव्ज यांनी वरच्या मजल्यावरची खोली दिलीय. बदल्यात दुपारी शाळेच्या पोरांना इंग्रजीचा गृहपाठ करायला मदत करायची. कुठे शिकलास, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हॅलिफॅक्सला. ते खरंच आहे. कितवीपर्यंत, हे त्यांनी विचारलं नाही.

आता कळलं असेल हे पत्र का लिहितोय. तू तीस वर्षं इंग्रजी शिकवलंस, मी अकरावीत शाळा सोडली, आणि माझ्यासमोर रोज आठ-दहा तोंडं बसलेली असतात. तीन प्रश्न अडलेत.

एक. धड्यात एक कप्तान म्हातारपणी खोलीची खिडकी उघडत नाही. खिडकी कशाचं प्रतीक आहे? एका पोराने लिहिलंय, 'इथे जानेवारीत खिडकी उघडणं हे मूर्खपणाचं प्रतीक आहे.' मी पैकीच्या पैकी गुण दिले. चुकलं का?

दोन, तर्कशास्त्र. 'वादळ आलं तर शाळा बंद राहते. आज वादळ नाही. म्हणून आज शाळा उघडी आहे.' बरोबर की चूक? वर्गात दोन तट पडलेत.

तीन, आणि हा खरा. युस्टिना वीब म्हणून एक मुलगी येते, एकोणीस वर्षांची. धारा काढून येते, तोंडाच्या एका कोपऱ्यातून सूर्यफुलाच्या बिया आत टाकते, दुसऱ्यातून टरफलं बाहेर, आणि मधल्या जागेतून धडा वाचते. ती फेब्रुवारीअखेर बारावीच्या तोडीची परीक्षा देणार आहे. तिचे वडील आब्राम वीब ईस्टरनंतर सगळं कुटुंब घेऊन मेक्सिकोला, भावाच्या शेतीवर, परत चाललेत. तिकडच्या त्यांच्या वस्तीत मोठ्या मुलींना शाळा नाही. युस्टिनाला नर्स व्हायचंय. वडील तिला म्हणाले, पास झालीस तर तू इथे मिसेस टेव्जकडे राहा. हे लोक एका जुन्या जर्मन ख्रिस्ती पंथाचे, शपथ घेत नाहीत, कोर्टातसुद्धा नाही. 'हो' म्हणजे हो, त्यावर आणखी काही चढवायचं नाही. म्हणजे वडील बोलले ते बोलले.

तर ती एकच चूक सारखी करते. इंग्रजीत 'जर'ला एक शब्द आणि 'जेव्हा'ला वेगळा. यांच्या जर्मन बोलीत दोन्हींना मिळून एकच, 'वान'. त्यामुळे ती लिहिते, 'जेव्हा मला लॉटरी लागेल', 'जेव्हा आमचं घर जळेल'. मी तिला सोपा नियम करून दिला: पुढचं लिहायचं असेल तर डोळे मिटून 'जर' लिही, पुढचं कुणालाच ठाऊक नसतं. बरोबर आहे ना?

तुझा,
वेंडेल


हॅलिफॅक्स
२० जानेवारी १९८४

वेंडेल,

पत्र मिळालं. फोन केला नाहीस हे बरं झालं; इथे फोन व्हरांड्यात आहे आणि माझे कान खोलीतसुद्धा धड चालत नाहीत. मी बरी आहे. खाली गाड्या उभ्या करायची जागा दिसते. दुपारी एक बाई येऊन आम्हाला टाळ्या वाजवायला लावते. मार्चमध्ये घरी जाईन तेव्हा तिला टाळ्या वाजवून निरोप देईन.

खिडकी: पोराचं उत्तर हुशार आहे, पण अर्धं. त्याला विचार, थंडी कुणाला लागू नये म्हणून कप्तान खिडकी लावून बसलाय? खोलीत तर तो एकटाच आहे. यावर तो काय म्हणतो ते कळव. मला खरंच ऐकायचंय.

तर्क: चूक. वादळ नसलं तरी शाळा गरम ठेवणारी भट्टी बिघडू शकते. 'जर' हा एका बाजूचंच बोलतो. वादळ आलं तर काय, तेवढं त्याने सांगितलं. न आलं तर काय, यावर त्याने तोंड उघडलेलं नाही. आपणच त्याच्या तोंडी घालतो.

आता तिसरा. तुझा नियम साफ चुकीचा आहे, आणि तो अगदी तुझाच आहे. घर न सांगता सोडणाऱ्या माणसाला सगळं पुढचं 'जर'च वाटणार. जे येणार हे माहीत आहे त्याला 'जेव्हा'. सकाळ, वसंत, म्हातारपण. जे येईल की नाही ठाऊक नाही त्याला 'जर'. तिला प्रत्येक वाक्यापाशी थांबून एकच प्रश्न विचारू दे: हे होणार, की कदाचित होणार? लगेच सांग तिला. परीक्षेत निबंध बहुतेक भविष्यावरच असतो.

आत्या


नॉयफेल्ड
४ फेब्रुवारी १९८४

आत्या,

तुझं पत्र आलं तोवर युस्टिना यायची बंद झाली होती. वडिलांनी घरी ठेवलंय. सामान बांधायचं, मेक्सिकोच्या उन्हासाठी पाच बहिणींचे पातळ कपडे शिवायचे, आणि म्हणे अभ्यास घरी बसूनही होतो. त्यांचं शेत गावापासून दूर, माझी गाडी मागे जाणारी, आणि आब्राम वीब यांच्या घरी अविवाहित परक्या पोराने विचारल्याशिवाय जायचं नसतं. रस्त्यावर बर्फाच्या भिंती उभ्या आहेत. खिडकीतून तेवढ्याच दिसतात.

पण काम झालं. दुधाची टाकी घेऊन जाणारा ट्रकवाला रोज त्यांच्याकडे थांबतो. मी मिसेस टेव्जना सगळं समजावलं, त्यांनी त्यांच्या बोलीत त्याला समजावलं. मी शेजारी उभा होतो. एक अक्षर कळलं नाही, पण त्याने दोनदा मान हलवली आणि मिसेस टेव्जनीही. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, निरोप दिला, पोरगी खूश झाली, खूप हसली. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

खिडकीवाल्या पोराला तुझा प्रश्न विचारला. त्याने बराच वेळ बिया चघळल्या. मग म्हणाला, आमचे आजोबा पण असेच बसतात. त्यांना थंडीची भीती नाही, बाहेरचा आवाज ऐकू येईल त्याची आहे. सगळा वर्ग वळून त्याच्याकडे बघायला लागला. मीपण. मग कुणीतरी टरफल त्याच्या कानावर उडवलं आणि गाडी पूर्वपदावर आली.

माझी मात्र नाही. फ्रीसनला विचारलं, भाग 'जेव्हा' येईल की 'जर' येईल? तो म्हणाला, हो.

वेंडेल


हॅलिफॅक्स
१५ फेब्रुवारी १९८४

वेंडेल,

हे पत्र मिळताच उठ आणि त्या मुलीपर्यंत पोच. मागे चालवत जा, ट्रकवाल्याशेजारी बसून जा, मिसेस टेव्जना सोबत घे म्हणजे कुणी काही म्हणणार नाही.

तूच लिहिलंस ना, त्यांच्या बोलीत दोन्हींना एकच शब्द आहे? मग त्या बाईंनी त्या बोलीत ट्रकवाल्याला काय सांगितलं असेल? आणि त्याने तिला काय सांगितलं असेल? ती का हसली, याचा विचार केलास का?

मला उभं राहून फोन करता आला असता तर केला असता. आज सकाळी प्रयत्न केला. व्हरांड्यात तिघीजणी रांगेत होत्या, आणि नर्सने मला परत आणून बसवलं, जसं पुस्तक फळीवर ठेवतात तसं.

मुलाच्या आजोबांबद्दल वाचून बरं वाटलं. मी घरी गेले तर माझ्या जुन्या धड्यांची पेटी तुला पाठवीन.

आत्या


नॉयफेल्ड
८ मार्च १९८४

आत्या,

तुझं पत्र पोस्टाच्या खिडकीशी उभ्याउभ्याच फोडलं. तेव्हा परीक्षा होऊन चार दिवस झाले होते. वादळात टपालाची गाडी अडकली होती.

युस्टिना काल आली. परीक्षा झाली म्हणून वडिलांनी एक दुपार सोडलं. मी विचारलं, निरोप मिळाला होता ना? ती पुन्हा हसायला लागली. म्हणाली, ट्रकवाला धारेच्या वेळी आला, टोपी काढली, आणि पाद्रीबाबासारखं तोंड करून म्हणाला, 'मास्तरांचा निरोप आहे. वान नाही, वान.' ती म्हणाली, कुठला वान? तो म्हणाला, दुसरा. मग दोघं गाईच्या पाठीला टेकून हसली. तिला वाटलं, परीक्षेची धास्ती वाटू नये म्हणून मी गंमत धाडली.

मग मी तुझा नियम सांगितला. होणार, की कदाचित होणार. तिचं हसू हळूहळू उतरत गेलं, ते मला बघावं लागलं. निबंध होता 'माझी पुढची दहा वर्षं'. तिने सगळा 'जर'मध्ये लिहिला होता. जर वसंत आला. जर माझा धाकटा भाऊ मोठा झाला. जर मी म्हातारी झाले. 'तुम्हीच म्हणालात डोळे मिटून लिही,' ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

निकाल एप्रिलमध्ये.

आणि गंमत बघ, गिअरबॉक्सचा भाग आला. फ्रीसनने बसवलाही. गाडी पुढे जाते, चारही गिअरमध्ये. मी रस्ता साफ झालेल्या तुकड्यावर फाट्यापर्यंत नेऊन आणली. फाट्यावर डावीकडे व्हँकूव्हर. इंजिन चालू ठेवून बसलो, आणि मग गाडी वळवून परत आणली. आता ती लायब्ररीसमोर पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. रोज सकाळी तिच्यावरचा बर्फ झाडतो आणि वर जाऊन पोरांच्या क्रियापदांना अनेकवचन लावतो. आधी गाडी अडली होती म्हणून अडकलो होतो. आता गाडी चालते, आणि अडकण्याला सबबसुद्धा उरली नाही.

एक विचारू? तुझी पत्रं परत वाचली. जानेवारीत लिहिलंस, 'मार्चमध्ये घरी जाईन तेव्हा'. फेब्रुवारीत लिहिलंस, 'मी घरी गेले तर'. तीस वर्षं तू दुसऱ्यांच्या वह्यांत हे तपासलंस, म्हणजे चुकून लिहिलं नसणार.

वेंडेल


हॅलिफॅक्स
१९ मार्च १९८४

वेंडेल,

पकडलंस. वर्गात कधी एक ओळ ऐकली नाहीस आणि आता नेमकं इथे लक्ष दिलंस.

घर विकायला काढलंय. जिना चढता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या भावाने सगळं नीट समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं हळू. त्याने 'जेव्हा तू बरी होशील' हा शब्दप्रयोग बराच केला. मी त्याची चूक सुधारली नाही. मोठ्या माणसाची सुधारू नये.

तर मीही आहे तिथेच आहे. खिडकी उघडत नाही. इथल्या खिडक्या कुणाच्याच उघडत नाहीत, तशाच बनवल्यात. तुझ्या त्या पोराच्या आजोबांचा विचार करते.

आता तुझं. तू चुकलास, पण चूक लपवली नाहीस, लिहून कळवलीस. मुलगी नापास होईल. बहुतेक होईल, मी शिक्षिका आहे, खोटं आशादायक बोलणार नाही. ती परीक्षा ऑगस्टमध्ये पुन्हा असते. पण तोवर ती मेक्सिकोत असेल. वडिलांचे शब्द नेमके काय होते ते तिला विचार. नेमके. भाषांतर नको, मूळ.

आणि तू थांबायचं की जायचं, हे मला विचारू नकोस. मी सांगितलं तर तू त्याच्या उलट करशील, आणि मला यातलं काय हवंय हे माझंच ठरलेलं नाही.

आत्या


नॉयफेल्ड
२५ एप्रिल १९८४, बुधवार

आत्या,

निकाल आला. वाचनात पास, गणितात उत्तम, लेखनात नापास.

युस्टिना निकाल बघायला आली तेव्हा तुझ्या सांगण्यावरून मी तिला विचारलं, वडील नेमके काय म्हणाले होते. ती म्हणाली, सांगितलं ना, पास झालीस तर. मी म्हटलं, तुमच्या बोलीत सांग. तिने सांगायला तोंड उघडलं आणि अर्ध्यात थांबली. ओठांवरचं टरफल तसंच राहिलं. पुस्तकं गोळा करून गेली. मला वाटलं रडायला गेली.

रविवारी ईस्टर. त्यांच्याकडे रविवारी दुपारी कॉफी, पाव, जाम असं मांडतात आणि कुणीही येऊन बसतं. मिसेस टेव्ज मला घेऊन गेल्या, निरोपाची भेट म्हणून. घर रिकामं. भिंतीवर घड्याळाच्या जागी घड्याळाएवढा फिका चौकोन. आब्राम वीब मोठा माणूस आहे, हात टेबलावर ठेवले की टेबल लहान दिसतं. माझ्याशी ते आदराने वागले.

युस्टिना कॉफी ओतत होती. किटली खाली ठेवून ती त्यांच्या बोलीत बोलायला लागली. मिसेस टेव्ज माझ्या कानाशी अर्थ सांगत होत्या, पण मधेच त्या सांगायच्या विसरायच्या, इतक्या त्या ऐकत होत्या.

ती म्हणाली, 'बाबा, मी नापास झाले तर काय, हे तुम्ही बोललाच नव्हता.'

ते म्हणाले, ते बोलायची गरज नसते, ते समजायचं असतं.

'आपल्यात बोललेलं धरतात. समजलेलं नाही.'

यावर आईने बशीतला पाव उगाच सरळ केला. आब्राम वीब म्हणाले, ठीक आहे, धर मग बोललेलं. मी म्हणालो, जर पास झालीस.

'तुम्ही म्हणालात, वान पास झालीस. इंग्रजीत त्याचे दोन शब्द होतात बाबा. एक 'जर', एक 'जेव्हा'. जेव्हा म्हणजे ते होणार हे तुम्हाला ठाऊक आहे, फक्त कधी ते ठाऊक नाही. यातला कुठला म्हणालात?'

ते म्हणाले, मी वान म्हणालो.

'कुठला वान?'

ते तिच्याकडे बघत राहिले. चिडले असते तर ओळखू आलं असतं. ते शोधत होते, आत कुठेतरी, त्या दिवशी आपण काय म्हटलं होतं ते. आणि त्यांना ते सापडत नव्हतं, कारण तिथे दोन शब्द नव्हतेच. शेवटी उठले, टोपी घेतली आणि गोठ्याकडे गेले. गोठ्यात एकही गाय नव्हती, सगळ्या विकल्या होत्या. अंधार पडेपर्यंत ते आत होते. आम्ही निघालो तेव्हाही आतच होते.

सोमवार, मंगळवार काहीच कळलं नाही. मी वर्ग घेतला. फाट्यापर्यंत बर्फ वितळलाय. माझ्या गाडीच्या चाकांभोवती डबकं झालंय आणि त्यात ती पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. एका पोराने विचारलं, मास्तर, तुम्ही जाल तेव्हा ती खडूची पेटी मला द्याल? मी म्हटलं, 'तेव्हा' की 'गेलो तर'? तो म्हणाला, ते तुम्हीच ठरवा, मला फक्त खडू हवेत.

मी युस्टिनाचा ऑगस्ट धरून बसलोय, हे त्याला सांगितलं नाही. तुला सांगतोय. ती मेक्सिकोला गेली तर डाव्या फाट्यावर मला कुणी अडवणार नाही, आणि तरी ते मला नको आहे.

आज ते निघायचे. मी सकाळपासून खिडकीशी बसून हे लिहितोय. आत्ताच त्यांचा ट्रक रस्त्यावर आला, वर सामान दोरखंडाने बांधलेलं, पुढे आई आणि धाकटी, मागे बाकीचे पांघरुणात. तो थांबला. इथेच, खाली, माझ्या गाडीला लागून. मला वाटलं निरोप घ्यायला थांबले असतील. आब्राम वीब उतरले, मागे गेले, आणि दोरी सोडायला लागले. सगळी नाही, एकाच बाजूची. मग त्यांनी एक लाकडी पेटी खांद्यावर घेतली. इथे प्रत्येक मुलीला लग्नासाठी अशी पेटी असते, तिच्यावर नाव रंगवलेलं असतं. ती त्यांनी लायब्ररीच्या पायरीवर ठेवली. वरचं नाव मला इथून वाचता येतंय. युस्टिना पेटीशेजारी उभी आहे, दोन्ही हात झग्याच्या खिशात, आणि आई गाडीतून उतरून तिची कॉलर नीट करतेय, पुन्हा पुन्हा तीच कॉलर.

जिना वाजतोय. मला वाटलं युस्टिना येतेय, पण पावलं जड आहेत.

आब्राम वीब दारात उभे आहेत. टोपी हातात. कधीच वर आले नव्हते. पोरांच्या बाकाकडे बघितलं, मग त्यावर बसले, गुडघे बाकाच्या वर येतायत. खिशातून मूठभर सूर्यफुलाच्या बिया काढून माझ्यापुढे ठेवल्या. इंग्रजीत, शब्द जुळवत म्हणाले, वाट लांब आहे, गाडीत डोक्याला काहीतरी हवं. 'ते दोन शब्द मला सांग. मला बघायचंय, मी कुठला म्हणालो होतो.'

थांबतो, आत्या. विद्यार्थी आलाय.

वेंडेल